आनंदीची गाळलेली वर्षं

कलर्स वाहिनी आणि ‘बालिका वधू’ एकाच दिवशी सुरू झाल्या, २१ जुलै २००८ला. सासू-सुनांच्या कारस्थानांच्या त्या भरात राजस्थानातल्या जैतसरची चिमुरडी आनंदी घराघरांत शिरली. अविका गोरचा निरागसपणा आणि सुरेखा सिक्रींच्या दादीसाचा दरारा तर होताच, पण लेखकांनी बालविवाहाचा विषय एका मुलीपुरता ठेवला नव्हता. प्रौढ बसंतसाठी गरीब घरातून विकत आणलेली गहना होती, बालविधवा फूली होती. २००९मध्ये शरद यादव यांनी या मालिकेचा विषय थेट लोकसभेत काढला. एवढी दखल फार थोड्या मालिकांच्या वाट्याला येते.

मग यशानेच घात केला. टीआरपी आहे तोवर गोष्ट संपवायची नाही, हा धंद्याचा नियम. आनंदीचा दुसरा नवरा, जिल्हाधिकारी शिव, दहशतवाद्यांच्या गोळ्यांना बळी पडला. त्यांची मुलगी पळवली गेली. अकरा वर्षांची लीप आली आणि त्या मुलीच्या, निंबोलीच्या, कपाळी पुन्हा बालविवाहच लिहिला गेला. शेवटी आनंदीलाही गोळी घातली. जुलै २०१६मध्ये पडदा पडला तेव्हा भागांची संख्या दोन हजारांच्या पलीकडे गेली होती.

एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण ऑगस्ट २०२१मध्ये ‘बालिका वधू २’ आली. गाव गुजरातमधलं, नायिका पुन्हा आनंदी, नवऱ्याचं नाव जिगर. लहानग्या आनंदीचा जम बसतोय न बसतोय तोच, काही महिन्यांतच, लीप घेऊन मोठी आनंदी म्हणून शिवांगी जोशीला आणलं गेलं आणि सामाजिक प्रश्नाचा प्रेमत्रिकोण झाला: आनंदी, आनंद आणि जिगर. फेब्रुवारी २०२२मध्ये मालिका टीव्हीवरून उतरून वूट या ओटीटी मंचावर गेली आणि तिथे गुंडाळली.

खरी तक्रार या लीपबद्दल आहे. लग्नाचा मांडव दाखवायला सोपा असतो: हळद, दागिने, रडणारी आई. तरुण नायिकेची एंट्रीही सोपी. मधली पाच-सात वर्षं मात्र अवघड. शाळेतून नाव कमी होणं, कोवळ्या वयातली बाळंतपणं, माहेरी परतायची वाट बंद होणं, हे सगळं तिथेच घडतं. बालविवाह म्हणजे तीच वर्षं, आणि लीप नेमकी त्यांच्यावरूनच उडी मारते.

ही वर्षं बघायला राजस्थान-गुजरात गाठण्याची गरज नाही. बीड आणि परभणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. देशाचा आकडा २३.३ टक्के होता. इथली अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, मुकादम आगाऊ उचल देतो ती जोडीवर. पोराचं लग्न झालं की नवा कोयता तयार. शिवाय दिवाळीनंतर आई-बाप फडावर निघाले की वयात आलेल्या मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही धास्ती असतेच. इथे कुणी दादीसा नाही, खलनायक नाही. हिशेब आहे आणि भीती आहे. मालिकेला मात्र डोळे वटारणारा चेहरा लागतो.

‘ना आना इस देस लाडो’चंही तेच झालं. स्त्रीभ्रूणहत्या आणि नवजात मुलींच्या हत्येवरची ही मालिका अम्माजीच्या दराऱ्यावर चालली. अम्माजी झालेल्या मेघना मलिक यांचं काम तोलामोलाचं होतं, यात वाद नाही. २०१७च्या नोव्हेंबरात दुसरा भाग आला, त्यात नायिका म्हणून चक्क अविका गोर. सात महिन्यांच्या आत तोही आटोपला. नाव जुनं, चेहरे ओळखीचे. सांगायला नवं काही नव्हतं.

गोष्ट वेळेवर संपवता येते, हे मराठीने दाखवलं आहे. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात आलेल्या रमाबाईंवरची ‘उंच माझा झोका’ २०१२मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी संपली. रमेचं अक्षरं गिरवणं आणि त्यावरून घरातल्या बायकांनी तिला घेतलेलं फैलावर, हाच तिचा गाभा होता. तीही आदर्शाच्या बाजूला जरा जास्तच झुकली, पण शिकण्याची वर्षं तिने गाळली नाहीत.

आणखी एक गोष्ट ‘बालिका वधू’च्या पुढच्या भागाला सहज सांगता आली असती. २००६च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार असं लग्न सहसा आपोआप रद्द होत नाही. मुलीला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा न्यायालयात अर्ज करून ते रद्द करून घेता येतं. किती मुलींना हे ठाऊक असेल? तिसरा भाग काढायचाच असेल तर वाहिनीने तो आनंदीच्या अठराव्या वाढदिवसाला सुरू करावा आणि पुढची दोन वर्षं एकही लीप न घेता दाखवावीत.