बार काढू नकोस रे बाबा!

तर मंडळी, गेले दोन वीकांत आमच्या घरात एका लोखंडी दांड्यावरून महाभारत चालू आहे. दांडा सध्या बाल्कनीत, जुन्या पंचात गुंडाळून, तुळशीच्या कुंडीशेजारी आडवा पडलाय. त्याची जागा तिथे नाही. त्याची जागा माझ्या रूममेटच्या पिकअपखाली, पुढच्या दोन चाकांच्या मधे आहे. पुढच्या शनिवारच्या आत तो तिथे परत गेला पाहिजे, एवढंच पटवण्यासाठी आजचा हा प्रपंच.

आधी पात्रपरिचय. मी आणि माझा रूममेट (यापुढे 'कोल्हापूरकर') टेक्सासात ऑस्टिनला ऑनसाइट आहोत. दोघंही मेकॅनिकलचे इंजिनिअर आणि दोघंही जावा लिहून पोट भरतो. (हसू नका, तुमच्यातले निम्मे तेच करताय.) टेक्सासात पिकअप म्हणजे कोल्हापुरात बुलेट. त्यामुळे या पठ्ठ्यानं आल्या आल्या २००१ सालची सेकंडहँड शेवरले एस-१० घेतली. आधीच्या मालकानं ती तीन इंच खाली बसवलेली. पुढे आखूड स्प्रिंग, मागचे पाटेही त्यासाठी बदललेले. दिसायला लै भारी, यात वादच नाही.

फक्त खड्ड्यातून जाताना पुढून खडखड आवाज यायचा. कुणीतरी सांगितलं, "स्वे बार वाजतोय, काढून टाक. गाडी खाली बसवल्यावर त्याची गरजच नसते." साहेबांनी शनिवारी दुपारी बार काढला. खडखड बंद! रविवारी भाजी घेऊन येताना पाऊस पडत होता. फ्रीवेवरून उतरायच्या वळणावर गाडीचा मागचा भाग अचानक बाहेर निघाला. मेथीच्या जुड्या डॅशबोर्डवर आणि मी दरवाजाला चिकटलेला. कोल्हापूरकरानं गाडी सावरली, त्याचं कौतुक आहे. पण त्याचं निदान ऐका : "पाऊस होता रे. टायरपण जुने आहेत."

नाही भावा. पाऊस पुढच्या चाकांवरही पडत होता. मग मागचीच का सुटली?

हा बार करतो काय? पुढच्या डाव्या आणि उजव्या चाकाच्या कंट्रोल आर्मना जोडणारा हा यू आकाराचा पोलादी दांडा. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो आपल्या बुशमध्ये नुसता फिरतो, काही करत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की त्याला पीळ बसतो आणि तो गाडीचं कलणं अडवतो. म्हणजे सरळ रस्त्यावर हा जवळजवळ बिनकामाचा, आणि वळणावर कामाचा. 'काढून महिना झाला, काही फरक जाणवला नाही' असं लोक म्हणतात ते त्यामुळेच. प्रॉडक्शनमध्ये कधीच चालला नाही म्हणून एरर हँडलिंगचा कोड उडवणारे महाभाग आपण हापिसात पाहिलेत. ही तीच जात.

आता कोल्हापूरकराचे मुद्दे एकेक करून घेऊ.

मुद्दा पहिला : "गाडी खाली आली, म्हणजे गुरुत्वमध्य खाली आला. मग ती कलेल कशाला?"

ऐकायला बिनतोड वाटतं. थर्ड इयरच्या व्हायवाला मीही हेच ठोकून दिलं असतं. पण गाडी किती कलते हे गुरुत्वमध्याच्या जमिनीपासूनच्या उंचीवर ठरत नाही. ते ठरतं गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) यांच्यातल्या अंतरावर. आखूड स्प्रिंग लावले की कंट्रोल आर्मचे कोन बदलतात आणि बहुतेक वेळा रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातं. म्हणजे दोघांतलं अंतर उलट वाढतं! गाडी बुटकी झाली, तरी कलण्याची ओढ कमी होईलच असं नाही. ड्रॉप स्पिंडल वापरून गाडी खाली आणली तर आर्मचे कोन बदलत नाहीत, पण तेव्हाही हे अंतर साधारण पूर्वीइतकंच राहतं. दोन्हीपैकी कुठल्याच पद्धतीत 'बार नको' असं उत्तर येत नाही.

मुद्दा दुसरा : "खाली आणल्यानं एका बाजूला जाणारं वजन तरी कमी होतं ना?"

होतं. मान्य. सोपा हिशोब करू. गाडी १४०० किलो, गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंचीवर, दोन चाकांतलं अंतर १.४ मीटर धरू. अर्धा जी लागेल अशा वळणावर ३०० किलो वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. गाडी साडेसात सेंटिमीटर खाली आणली की तेच होतं साधारण २६२ किलो. फायदा आहे, पण २६२ किलो अजून जातंच आहे. बार असला काय, नसला काय, हा एकूण आकडा जवळजवळ बदलत नाही. बार एवढंच ठरवतो की त्यातलं पुढच्या जोडीनं किती पेलायचं आणि मागच्या जोडीनं किती.

आणि सगळी गोम इथेच आहे. टायरवर दुप्पट वजन टाकलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. त्यामुळे ज्या जोडीवर ही अदलाबदल जास्त होते, तिची एकूण पकड आधी सुटते. पुढच्या बारमुळे जास्त वाटा पुढची जोडी उचलते. म्हणजे अती झालं तर पुढची चाकं आधी घसरतात, गाडी वळणाच्या बाहेर सरकते, आणि घाबरून अॅक्सिलरेटर सोडला तरी बहुधा सावरते. बार काढला की तोच वाटा मागच्या जोडीकडे जातो. रिकाम्या पिकअपची मागची बाजू मुळात हलकी, त्यात ओढणारी चाकं मागचीच. ती सुटली की गाडी स्वतःभोवती फिरते, आणि घाबरून अॅक्सिलरेटर सोडला तर आणखी फिरते. पावसात पकड कमी होती हे खरं. पण आधी कुठलं टोक सुटणार, हे शनिवारी दुपारी पान्यानं ठरलं होतं.

मुद्दा तिसरा : "बार नसला तर थोडी जास्त कलेल, एवढंच ना?"

उंच गाडीत एक वेळ चाललं असतं. खाली बसवलेल्या गाडीत चाकाला वर जायला जागाच थोडी उरलेली असते. गाडी जास्त कलली की बाहेरच्या बाजूचा सस्पेन्शन बंप स्टॉपच्या रबरावर आदळतो. त्या क्षणापासून तिथे स्प्रिंग नसल्यात जमा. मागे असं झालं तर हलकी शेपूट एका झटक्यात सुटते. म्हणजे खाली बसवलेल्या गाडीला बारची गरज कमी नाही, जास्त आहे.

मुद्दा चौथा : "जीपवाले काढतात, ड्रॅग रेसवाले काढतात."

काढतात की! खडकांवर चढताना एक चाक वर, एक खाली जायला हवं म्हणून जीपवाले बार सोडवतात. २००७ च्या रँग्लर रुबिकॉनमध्ये तर त्यासाठी डॅशबोर्डवर बटणच दिलं. पण वेग वाढला की तो बार आपोआप परत जोडला जातो, हे कुणी सांगत नाही. ड्रॅगवाला सरळ रेषेत पाव मैल जातो, त्याला वळायचंच नसतं. तू रोज वळतोस.

मुद्दा पाचवा : "बारमुळे एका चाकाचा धक्का दुसऱ्याला बसतो. काढल्यावर गाडी मऊ चालते."

हे शंभर टक्के खरं आहे. एअरबॅगवर चेसिस जमिनीला टेकवायची प्रदर्शनी गाडी असेल, बारला खरंच जागा नसेल, आणि ती ट्रेलरवरूनच फिरत असेल, तर माझं काही म्हणणं नाही. पण फ्रीवेवर सत्तर मैलांनी जाणाऱ्या गाडीला थोडासा मऊपणा या किमतीत महाग पडतो. शिवाय २०११ पासून इथल्या नव्या हलक्या गाड्यांना स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं झालं. तुझी २००१ ची आहे. तिच्यात चूक सावरायला कॉम्प्युटर नाही, फक्त तू आहेस.

मग खडखड? ती बारची नव्हतीच. आर्म वर आले आणि त्यांच्याबरोबर बारची टोकंही वर ढकलली गेली, कारण आधीच्या मालकानं एंड लिंक जुन्या लांबीच्याच ठेवल्या. गाडी सपाट जमिनीवर उभी करून बारची टोकं साधारण आडवी राहतील एवढ्या लांबीच्या आखूड लिंक घ्यायच्या. बुश नवे टाकायचे. जोडताना दोन्ही पुढची चाकं सारख्या उंचीवर ठेवायची, म्हणजे बारला उगाच पीळ राहत नाही. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे घासत नाही ना, ते पाहायचं. सगळा खर्च दोघांच्या बाहेरच्या एका जेवणाइतका.

आणि हो, जोशात येऊन जाडजूड बार मागवू नकोस, मागे तर नवीन बसवूच नकोस. भरीव बारचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. ३० मिलिमीटरचा ३३ केला की जवळपास ४६ टक्के जास्त ताठ. मागे असला दांडा टाकणं म्हणजे परत शेपूट सोडवण्याचाच उद्योग. पुढे, कंपनीनं दिला तोच, नीट बसवलेला. बास.

एवढी घाई का, ते सांगतो. कोल्हापूरकराचे बाबा परवा येतायत. पुढच्या रविवारी त्यांना घेऊन हा हिल कंट्रीत जाणार आहे. ३३५, ३३६ आणि ३३७ हे तीन रँच रोड, ज्यांना इथे 'ट्विस्टेड सिस्टर्स' म्हणतात. नावातच पीळ आहे! डोंगर, दरी, वळणावर वळण. त्या दिवशी शेजारच्या सीटवर मी नसेन, काका असतील.

तेव्हा भावा, लिंक मी मागवल्या आहेत, गुरुवारी येतील. जॅक शेजारच्याकडून मागून ठेवलाय. शनिवारी सकाळी चहा झाला की पंचा सोडायचा आणि खाली यायचं. माझं म्हणणं चुकीचं वाटत असेल तर कागद-पेन घेऊन ये, हिशोब तपासू. पण बार बसवल्यावर. :-)