मैत्री हे आमिष नव्हे

२०२५ हे वर्ष भारतातील ख्रिस्ती समाजाला दोन परस्परविरोधी संदेश देऊन गेले. फेब्रुवारी महिन्यात महाराष्ट्र शासनाने सक्तीचे धर्मांतर आणि तथाकथित ‘लव्ह जिहाद’ यांविरुद्ध कायदा करण्याच्या दृष्टीने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २५ जुलै रोजी छत्तीसगडमधील दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनींना मानवी तस्करी व धर्मांतर यांच्या आरोपाखाली अटक झाली; त्यांना जामीन मिळण्यास २ ऑगस्ट उजाडला. सप्टेंबरात राजस्थान विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक संमत केले. याच वर्षाच्या अखेरीस, १ नोव्हेंबर रोजी, पोप लिओ चौदावे यांनी संत जॉन हेन्री न्यूमन यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित म्हणून घोषित केले आणि ८ डिसेंबरला पोप सहावे पॉल यांच्या ‘इव्हांजेली नुनशियांदी’ या शुभवर्तमान प्रसारावरील प्रबोधनपत्राला पन्नास वर्षे पूर्ण झाली. एकीकडून ‘बोलू नका’ असा दबाव, तर दुसरीकडून ‘बोलल्यावाचून राहू नका’ असे आवाहन!

या कात्रीत सापडलेला आपला सामान्य भाविक विचारतो, “फादर, शेजाऱ्यापाशी येशूचे नाव काढायचे की नाही?” प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर साधे नाही.

दोन उत्तरे चटकन सुचतात. पहिले मौनाचे : श्रद्धा ही देवळाच्या दारापर्यंत ठेवावी, बाहेर कुणाशी त्याविषयी चकार शब्द काढू नये. दुसरे मोहिमेचे : पत्रके वाटावीत, मोबाईलवरून रोज सकाळी बायबलची वचने सर्वांना धाडावीत आणि कर्तव्य पार पडले असे समजावे. या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. दोहोंतही समोरच्या माणसाला ओळखण्याची गरज पडत नाही.

प्रथम कायद्याची बाजू समजून घेऊ. भारतीय राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्माचे आचरण व प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका धर्मगुरूंच्या खटल्यात असा निर्णय दिला की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे इतरांना समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात अभिप्रेत नाही. या निर्णयावर अभ्यासकांनी टीकाही केली आहे. तथापि आपली श्रद्धा सांगण्यास त्याने मनाई केलेली नाही, हे आपण ध्यानी ठेवले पाहिजे.

आता ख्रिस्तसभेची बाजू. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनामा प्रसृत केला. श्रद्धेचा प्रसार करताना जबरदस्ती, अप्रामाणिक वा अनुचित मन वळवणी यांचा मागमूसही नसावा, विशेषतः गरीब व अशिक्षित लोकांच्या बाबतीत, असे त्यात निक्षून सांगितले आहे. म्हणजे आमिष दाखवून केलेले धर्मांतर ख्रिस्तसभेने साठ वर्षांपूर्वीच त्याज्य ठरविले. ते कुणा शासनाच्या भीतीने नव्हे. ज्या देवाने माणसाला स्वतंत्र निर्माण केले, त्याला गुलामाचा होकार नको असतो.

मग श्रद्धा पोहोचते कशी? याचे उत्तर न्यूमन यांच्या आयुष्यात सापडते. १८३२ साली, अँग्लिकन पंथात असताना, ऑक्सफर्डमधील एका प्रवचनात त्यांनी सत्य जगात टिकते व पसरते ते व्यक्तीच्या व्यक्तीवर पडणाऱ्या प्रभावातून, असा विचार मांडला. ९ ऑक्टोबर १८४५ रोजी त्यांना कॅथलिक ख्रिस्तसभेत स्वीकारले ते डॉमिनिक बार्बेरी या इटालियन धर्मगुरूंनी. ऑक्सफर्डच्या पंडितांपुढे बार्बेरी यांची विद्वत्ता ती काय! इंग्रजी भाषाही त्यांना अवघड जात असे. भर पावसात प्रवास करून ओलेचिंब झालेले ते धर्मगुरू शेकोटीपाशी अंग शेकत असतानाच न्यूमन येऊन त्यांच्यापुढे नतमस्तक झाले. पुढे १८७९ साली कार्डिनल झाल्यावर न्यूमन यांनी संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्यापासून घेतलेले ‘हृदय हृदयाशी बोलते’ हे बोधवाक्य स्वीकारले.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आपल्या कॅथलिक मंडळीतले नव्हते, पण मराठी ख्रिस्ती माणसाचे ते पूर्वजच. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली. गप्पा रंगल्या, काव्यावर बोलणे झाले, मग धर्मावर. आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांना नवा करार भेट दिला. डोंगरावरील प्रवचनाने टिळकांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.  त्या प्रवाशाने आपल्या खात्यावर काही मांडून ठेवले नाही!

परंतु या कथेचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. लक्ष्मीबाईंवर या घटनेने आकाश कोसळले. काही वर्षे पतिपत्नी दूर राहिली. पुढे त्या टिळकांकडे आल्या, तरी आरंभी आपले सोवळेओवळे सांभाळूनच राहिल्या आणि टिळकांनी सक्ती केली नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत येऊन. टिळकांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ याच लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. जिथे थांबण्याची तयारी असते, तिथेच दुसऱ्याचा होकार त्याचा स्वतःचा असतो.

आता आपल्या वसईकडे पाहू. एके काळी वाडीत कुणाच्या घरी आजार आला की कुंपण ओलांडून शेजारीण यायची. दिवाळीचा फराळ आपल्याकडे आणि नाताळचा फराळ त्यांच्याकडे जायचा. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि समोरच्या दारावरील पाटी वाचण्यापलीकडे ओळख उरली नाही. आपल्याविषयी गैरसमज पसरविणारे आहेत, हे खरे. पण ज्याने आपल्या घरचे पाणीही कधी घेतले नाही, त्याने त्या गैरसमजाला कशाच्या आधारे नाकारावे? याउलट फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या लढ्यात सर्व धर्मांच्या माणसांबरोबर उभे राहून जे नाते जोडले, ते स्मरावे. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा विरोधाचे सूर उमटले. तथापि त्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांत ख्रिस्तीतर मराठी माणसे मोठ्या संख्येने होती.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो, आणि तो आधी मी स्वतःलाच देतो. ‘मैत्री करा, म्हणजे श्रद्धा देता येईल’ असा हिशेब मांडला, की मैत्री हेच आमिष होते. शेजारी कधीच ख्रिस्ती होणार नाही, हे ठाऊक असूनही त्याच्या आईच्या अंत्ययात्रेला आपण खांदा देऊ काय? देणार असू, तर ती मैत्री. मात्र त्याच मित्राने एखाद्या रात्री, “एवढ्या दुःखात तुम्ही कसे उभे राहिलात?” असे विचारले आणि आपण संकोचाने विषय बदलला, तर तीही मैत्रीशी प्रतारणाच. जे आपल्याला सर्वांत प्रिय आहे ते जिवलगापासून लपवायचे कसे? आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर देण्यास सिद्ध असा, असा संत पेत्राचा उपदेश आहे. उपदेशात विचारणारा आधी आहे, उत्तर नंतर.

म्हणून त्या भाविकाला माझे उत्तर असे : येशूचे नाव जरूर काढा, पण त्याआधी शेजाऱ्याचे नाव माहीत करून घ्या. त्याची मुले काय शिकतात, त्याची झोप कशाने उडाली आहे, हे ऐका. येत्या रविवारी मिस्सा आटोपून घरी परतताना समोरचे दार एकदा ठोठवा.