यादी पैसे वाटायच्या आधी लावा



सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनंतर राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकांना 22,500, मर्यादा 3 हेक्टरांची; शिवाय रब्बीसाठी हेक्टरी 10,000. हे दर शेतकऱ्याला तोंडपाठ आहेत. पण ‘माझे नाव यादीत का नाही?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

नुकसान 33 टक्क्यांच्या आत लिहिले गेले की शेतकरी बाद. हा आकडा त्याला कोणी दाखवत नाही. आमच्या हवेली तालुक्याच्या पूर्व भागात ऊस, कांदा, तरकारी अशी पिके. सरीत पाणी साचून राहिले तरी ऊस उभाच दिसतो. कांद्याची पात हिरवी असते, उपटून पाहावा तर खाली सड. पंचनामा बांधावरून झाला की रानात उतरून, हे कळायला तो कागद डोळ्यांसमोर हवा. ज्याचे नाव यादीत येते त्यालाही विशिष्ट क्रमांक, ई-केवायसी हे सोपस्कार उरकल्यावर मोबाइलवर फक्त रक्कम जमा झाल्याचा मेसेज येतो. कोणत्या गटाची, किती गुंठ्यांची, पत्ता नाही.

लाभार्थ्यांची यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावी, असे मदतीच्या शासन निर्णयांत लिहिलेले असते. पण वाटप पूर्ण झाल्यावर. माझा आक्षेप नेमका इथे आहे. जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी तालुक्यांत 2022 ते 2024 या काळातील अनुदानात बोगस नावे घुसडून कोट्यवधी रुपये लाटल्याचे 2025 मध्ये उघडकीस आले. तलाठ्यांसह महसूल कर्मचारी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. ती यादी वाटपाआधी चावडीवर लागली असती तर? ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याला गावातले शेंबडे पोरही ओळखते.

‘ही खासगी माहिती आहे’ असे आता सांगितले जाईल. आधार आणि बँक खात्याचा क्रमांक जरूर झाका. पण गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्यावर आहेच, तो कोणीही पाहू शकतो. अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागता स्वतःहून जाहीर करणे, हे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार सरकारचे कर्तव्य आहे. तिजोरीतून दिलेला पैसा गुपचूप देण्याचे कारण काय?

म्हणून मागणी अशी : पुढच्या आपत्तीत पंचनामे संपताच शेतकऱ्याचे नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी आणि देय रक्कम ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. बाद झालेल्यांची नावेही कारणासह लावा, कारण अन्याय त्यांच्यावरच होतो. ग्रामसभेत यादीचे वाचन करा. हरकतींना आठ दिवस द्या, त्यांचा निकाल लेखी द्या. यामुळे मदत लांबेल, ही भीती मला पटत नाही. निर्विवाद नावांचे पैसे नवव्या दिवशी सोडता येतील, वादातली तेवढी मागे ठेवावीत.

— एक शेतकरी, लोणी काळभोर (ता. हवेली, जि. पुणे)