ठिपकेदार पालीचे अन्न

युरोप-अमेरिकेत ‘लेपर्ड गेको’ नावाची ठिपकेदार पाल हौसेने पाळतात. तिचे मूळ स्थान मात्र अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारत. ती मुख्यतः कीटकभक्षी होय. पुष्कळ हौशी लोक सोयीखातर तिला नित्य पिठातल्या अळ्याच घालतात. ती त्या आवडीने खाते खरी, परंतु त्यांत कॅल्शियम फार थोडे असल्यामुळे कालांतराने बिचारीची हाडे मऊ पडून पाय वाकतात. म्हणून रातकिडे, रेशमाच्या अळ्या व झुरळेही आलटून-पालटून द्यावीत. झुरळे अर्थातच मुद्दाम पोसलेली. स्वयंपाकघरातील नव्हेत, त्यांच्या अंगी फवारलेले विष असावयाचे! कीटकांना आदल्या दिवशी पालेभाजी चारावी व देतेवेळी कॅल्शियमची पूड लावावी. मेणपतंगाची अळी चरबीयुक्त. ती क्वचितच द्यावी. काजवा मात्र कदापि नको. त्याचे विष सरड्या-पालींचा प्राण घेते.