न घडलेली बातमी

6 जानेवारी आला की माझ्यासारख्या तालुका वार्ताहराला एक दिवस भाव येतो. 1832 साली बाळशास्त्री जांभेकरांनी या तारखेला ‘दर्पण’ हे वर्तमानपत्र काढलं, त्याची शाल आणि नारळ आम्हाला मिळतो. एरवी शाळा बोलावतात ते वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून. त्यामुळे मंगळवेढ्याच्या पोरांचं लिहिणं-बोलणं बऱ्यापैकी कानावर आणि डोळ्यांखालून गेलं आहे.

दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात बातमीलेखन आहे. चांगलंच आहे. पण एखादी वही उघडून बघा. अमुक विद्यालयात वृक्षारोपण उत्साहात, प्रमुख पाहुणे तमुक, त्यांचं मार्गदर्शन, शेवटी आभार. झाड कुणी लावलेलं नसतं. पाहुणा पोरानं मनानं जन्माला घातलेला आणि त्याच्या तोंडचं वाक्यही पोराचंच. मथळा, स्थळ, तारीख जागच्या जागी असली की गुण. मी अशी एक बातमी पाठवली तर दुसऱ्या दिवशी माझं काम जाईल. परीक्षेच्या वर्गात खरी बातमी कुठून आणणार, हे मला कळतं. पण बाकीचं वर्ष मोकळंच असतं की!

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी ज्वारी पिकते. बाजार समितीत आज भाव काय निघाला, आपल्या वडिलांच्या हातात काय पडलं आणि मधला फरक कुठं गेला, एवढं विचारून दहा ओळी लिहा म्हणावं. आडत्या म्हणेल, ‘तुला रं कशाला पाहिजे?’ तिथं न बावरता उभं राहून पुन्हा विचारणं, हे कुठल्याच गाईडात नाही. तालुक्याच्या दक्षिण भागातल्या गावांचा पाणीप्रश्न तर मतदानावर बहिष्कार घालण्यापर्यंत गेलेला. तिथल्या पोरीला टँकर कधी येतो आणि कुणाच्या दारात आधी उभा राहतो, हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. वहीत मात्र ती वृक्षारोपण लिहिते.

वक्तृत्वाचं दुखणं वेगळं. भाषण मास्तरांनी किंवा आईनं लिहिलेलं, हातवारे बसवलेले, मध्येच चारोळी. ‘मोबाईल : शाप की वरदान’ मी इतक्या वेळा ऐकलंय की मधलं वाक्य विसरलं तर पोराला मीच सांगू शकेन. वाटून गेलं म्हणून मी एकाला विचारलं, ‘तुझं स्वतःचं काय मत?’ पोरगं मास्तरांकडं बघायला लागलं.

याच महाराष्ट्रात 1848 साली एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी मुंबईत सभा काढली होती. दादाभाई नौरोजी त्यांतलेच. निबंध वाचायचे, त्यावर वाद घालायचे. पुढच्याच वर्षी या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि स्वतः शिकवायला उभे राहिले.

मुख्याध्यापकांना भीती वाटते, ती खोटी नाही. पोरानं खरं लिहिलं तर संध्याकाळी फोन त्यांनाच येणार. अमेरिकेत शाळांची स्वतःची वर्तमानपत्रं असतात, तिथंही हे चुकलेलं नाही. 1983 साली मिसुरी राज्यातल्या हेझलवूड ईस्ट शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलांच्या अंकातली दोन पानं काढून टाकली. किशोरवयीन मुलींचं गरोदरपण आणि आईबापांचे घटस्फोट, असे विषय होते. मुलं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 1988 साली निकाल शाळेच्या बाजूनं लागला. मुलं हरली, पण लढण्याजोगं काही त्यांनी लिहिलं तरी होतं. आपल्या शाळांच्या हस्तलिखित अंकांतून पान काढायची वेळच येत नाही. तसं पान लिहिलंच जात नाही.

दामाजीपंतांवर इथं प्रत्येक पोराला भाषण पाठ असतं. दुष्काळात त्यांनी बादशहाचं कोठार उपाशी लोकांना खुलं केलं, मग विठ्ठलानं येऊन भरपाई केली. टाळ्या. पण वरिष्ठांची परवानगी न घेता सरकारी धान्य वाटणं योग्य की अयोग्य, असा वादविवाद मी तरी मंगळवेढ्यात ऐकलेला नाही. यंदा शाल नको. आठवी-नववीच्या वर्गात हाच विषय लावा, बाजू चिठ्ठीनं ठरवा, तयारीला दहा मिनिटं द्या आणि आईबापांना बाहेर बसवा. ‘अयोग्य’ची चिठ्ठी निघालेल्या पोरावर कुणी डोळे वटारले, तर त्याची बातमी मी देईन.