संगणक सुरू होत नाही, तेव्हा



या सदरात ठेवी, कर्जे, नामनिर्देशन अशा विषयांवर लिहिण्याचा माझा परिपाठ आहे. या वेळचा विषय वेगळा वाटेल. परंतु ज्या घरातील सारी उधारी आता एका पेटीत साठवलेली असते, त्या घरासाठी हाही हिशेबाचाच विषय होय.

गोष्ट आषाढातील. चातुर्मासास नुकताच प्रारंभ झाला होता. आमच्या शिराळ्यात पावसाची झड लागली होती आणि नागपंचमी तोंडावर आल्याने पेठेत मालाची आवक वाढली होती. महिन्याची १८ तारीख. पेठेतील एका किराणा-भुसार दुकानातून निरोप आला म्हणून गेलो. दुकानाचे मालक माझ्याहून थोडे लहान; सारी पेठ त्यांना अण्णा म्हणते.

“साहेब, दिवाळीत घेतलेला संगणक, अजून वर्षही झालेलं नाही. सकाळपासून पडदा काळाच. परवा वीस तारीख. हा मुलगा म्हणतोय, मदरबोर्ड गेला. कोल्हापूरला न्यावा लागेल आणि विंडोज नवं टाकावं लागेल.”

‘हा मुलगा’ म्हणजे पेठेतच मोबाइल दुरुस्तीचे दुकान असलेला एक होतकरू तरुण. त्याने सकाळीच कॅबिनेट उघडून, बायोसच्या नोंदी पुसल्या जाव्यात म्हणून मदरबोर्डवरील रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी काढून पुन्हा बसवली होती. या खटपटीचा परिणाम पुढे सांगतो.

मी संगणकाकडे पाहण्याआधी अण्णांच्या सूनबाईंना विचारले, “ताई, या पेटीत असे काय आहे की जे अन्यत्र कोठेच नाही?” त्या बी.कॉम. आहेत आणि दुकानाचा हिशेब त्याच पाहतात. त्यांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उतरला. टॅलीतील हिशेबाची शेवटची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली होती ती ३१ मार्चची, लेखापरीक्षकांना देण्यासाठी. त्यानंतरच्या साडेतीन महिन्यांची उधारी, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील शेकडो खाती, केवळ त्या पेटीत होती. शेतकरी उसाचे बिल आले की देतात, भात विकले की देतात. कोणी किती नेले हे अण्णांना तोंडपाठ असे, ते दिवस आता गेले.

वीस तारखेची चिंता मात्र मी तेथेच कमी केली. जीएसटीआर-१ अकरा तारखेस दाखल झालेले होते. खरेदीवरील कराचे जीएसटीआर-२बी हे विवरण चौदा तारखेस पोर्टलवर तयार होते. म्हणजे ३बी विवरणपत्रास लागणारा बहुतेक मजकूर शासनाच्या पोर्टलवर असतो आणि ते दुसऱ्या कोणाच्याही संगणकावरून भरता येते. विलंब झालाच, तर दिवसाला ५० रुपये शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज. हा भुर्दंड सोसता येण्याजोगा आहे. साडेतीन महिन्यांची उधारी बुडाली, तर ती कोणत्या पोर्टलवरून आणणार?

मी संगणकतज्ज्ञ नव्हे. परंतु बँकेत तेरीज जुळत नसे तेव्हा आम्हांला जे शिकवले होते, तेच येथेही उपयोगी पडते. फरक आला म्हणून सारी लेजरे पुन्हा बेरजेस घ्यायची नाहीत. फरकाची रक्कमच दोष कोठे आहे ते सुचवते. फरकास ९ ने नि:शेष भाग गेला, तर बहुधा अंकांची अदलाबदल झालेली असते. १,२७० ऐवजी १,७२० लिहिले की फरक ४५०, म्हणजे ९ गुणिले ५०. फरकाच्या निम्मी रक्कम खात्यात कोठे आढळली, तर ती नावे-जमेच्या उलट बाजूस गेलेली असते. संगणकही सुरू होताना ज्या टप्प्यावर थांबतो, त्यावरून दोषाची जागा सांगतो.

बटण दाबल्यावर काहीच हालचाल नसेल, तर दोष विजेच्या वाटेवर. सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहावे. यूपीएस वगळून थेट वीज द्यावी. पेटीच्या मागील बाजूस एसएमपीएसचा छोटा खटका असतो, तो साफसफाईत बंद झालेला पुष्कळदा आढळतो. कंपनीचे बोधचिन्ह दिसून मग ‘बूट डिव्हाइस नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर आदल्या रात्री लावलेला पेन ड्राइव्ह तसाच राहिला आहे काय ते पाहावे. तो काढताच संगणक अनेकदा सुरळीत सुरू होतो. विंडोजचे गोल चक्र फिरत राहिले, तर यंत्र ठीक असून बिघाड प्रणालीत असण्याचा संभव अधिक. काही वेळा सुरू होणे फसले, की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यावर ‘रीसेट’ असा एक पर्याय असतो. हिशेबाची प्रत हाती असल्याखेरीज त्याला स्पर्श करू नये.

अण्णांच्या दुकानी पंखा फिरत होता, दिवा लागत होता, पडदा काळा होता. पडद्याची केबल व तिची वीज पाहिली, ठीक होती. म्हणजे यंत्र आपली प्राथमिक तपासणीच पूर्ण करू शकत नव्हते. अशा वेळी पहिला संशय रॅमवर घ्यावा. बिलावरील अटी वाचल्या. पेटीवर मोहोर नव्हती आणि पेटी तर उघडली गेलीच होती. एरवी नव्या संगणकास वॉरंटी असताना पेटी उघडण्यापूर्वी अटी वाचणे अगत्याचे. हमी यंत्राची असते, आतील हिशेबाची कोणी देत नाही, हेही त्याच कागदावर बारीक अक्षरांत सापडते.

वीज काढली, बटण पंधरा सेकंद दाबून उरलेला भार जाऊ दिला आणि झाकण बाजूला केले. तळाशी, एसएमपीएसच्या उबेला, मुंग्यांची रांग! पेटी जमिनीवर होती आणि शेजारी गुळाच्या ढेपा. त्या तरुणाने हवेच्या फवाऱ्याचे यंत्र पुढे केले. अण्णांनी हात आडवा धरला. आपण ज्याला यत्नाचार किंवा जयणा म्हणतो, ती काय केवळ मंदिरात पाळायची? पेटी ओसरीवर आडवी ठेवली, बाजूला गुळाचा खडा ठेवला आणि आम्ही तासभर थांबलो. उरल्यासुरल्या मुंग्या सूनबाईंनी मऊ कुंचल्याने अलगद उतरवल्या. हा तास वाया गेला असे मला वाटत नाही. तेवढ्या वेळात आत साचलेला दमटपणाही काहीसा सुकला असावा.

मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. आमच्याकडील पावसाळी हवेत त्यांच्या सोनेरी टोकांवर सूक्ष्म थर धरतो आणि संपर्क तुटतो. शाळकरी मुलांचा पांढरा खोडरबर हळुवार फिरवून टोके पुसली. आधी एकच पट्टी, दोन्ही बाजूंचे खटके वाजेपर्यंत दाबून बसवली. बटण दाबले आणि बोधचिन्ह झळकले. दुसरी पट्टीही लागली. सारा बिघाड एका खोडरबराचा!

आनंद अर्धा मिनिटही टिकला नाही. निळ्या पडद्यावर बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागणारा संदेश उमटला. तो तरुण म्हणाला, “आता फॉरमॅटशिवाय इलाज नाही.”

वाचकहो, या क्षणी घाई झाली असती, तर साडेतीन महिन्यांचा हिशेब कायमचा गेला असता. नव्या संगणकांत, विशेषतः विंडोज ११ मध्ये, मायक्रोसॉफ्टचे खाते जोडून मांडणी केली की डिस्क बरेचदा आपोआप कुलूपबंद होते. मालकास त्याचा पत्ताही नसतो. मदरबोर्डवरील सुरक्षा-चिप दर वेळी मांडणी पूर्वीसारखीच आहे ना, हे पाहून कुलूप उघडते. सकाळी बॅटरी काढल्याने बायोसच्या नोंदी बदलल्या आणि चिपने ओळख नाकारली. मदरबोर्ड बदलला असता, तरी हेच घडले असते. जुन्या फिरत्या डिस्कवर फॉरमॅटनंतरही काही परत मिळण्याची थोडी आशा असे. एसएसडीवर, त्यातून कुलूपबंद असताना, ती जवळजवळ नसतेच.

हे संकट मोठमोठ्यांवरही आले आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील विंडोजचे संगणक सुरू होईनासे झाले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या ८५ लाख होती. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दुरुस्ती बहुतांशी एकेका यंत्रापाशी बसूनच करावी लागली आणि अनेक ठिकाणी हीच ४८ अंकी किल्ली शोधत बसण्याची पाळी आली.

आमची किल्ली कोठे होती? संगणकाची मांडणी दिवाळीत पुण्याहून आलेल्या अण्णांच्या भाच्याने केली होती आणि घाईत स्वतःचाच ई-मेल घातला होता. म्हणजे अण्णांच्या तिजोरीची किल्ली आठ महिने पुण्यात, आणि हे ना अण्णांना ठाऊक ना भाच्याला! त्याला दूरध्वनी केला. त्याने आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहिले. पडद्यावरील ओळखचिन्हाशी जुळणारी किल्ली तेथे होती.

तो वाचू लागला, सूनबाई कागदावर लिहू लागल्या. सहा-सहा अंकांचे आठ गट. पाचवा गट संगणकाने नाकारला. या किल्लीत एक सोय आहे: प्रत्येक गटास ११ ने नि:शेष भाग जातो. आम्ही कागदावर भाग देऊन पाहिला, जाईना. भाचा दोन-दोन अंक जोडून सांगत होता आणि ‘एकोणसाठ’चे आमच्या कानी ‘एकोणसत्तर’ झाले होते. एकेक अंक सुटा सांगावयास लावला, तेव्हा भाग गेला. शेजारचे दोन अंक उलटले, तर पडणारा फरक ९ च्या पटीत असतो, पण ११ च्या पटीत कधीच नसतो. त्यामुळे तीही चूक या भागाकारात लपत नाही. नऊने चूक शोधण्यात माझी उमेद गेली. अकराने ती अडवलेली पाहून मी सुखावलो, हे कबूल करतो.

विंडोज उघडले. अण्णा लगेच बिले करू पाहत होते. मी त्यांना थांबवून आधी टॅलीच्या हिशेबाची प्रत दोन पेन ड्राइव्हवर घ्यावयास लावली. ती दुसऱ्या संगणकावर उघडून मार्चनंतरची खाती दिसतात याची खात्री केली आणि मगच सूर्यास्तापूर्वी सारे जेवावयास उठलो. ३बी दुसऱ्या दिवशी भरले गेले.

रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, तेव्हा दिवसाखेर प्रत घेतल्याविना अधिकाऱ्यास घरी जाण्याची मुभा नव्हती. आम्ही त्यावर पुष्कळ कुरकुर केली आहे. तोच शिरस्ता अण्णांच्या दुकानी लावून दिला. दोन पेन ड्राइव्ह, एक सम तारखेचा, एक विषम तारखेचा. दुकान बंद करताना प्रत घ्यायची, पेन ड्राइव्ह काढायचा आणि घरी न्यायचा. घर दुकानाच्या माडीवर असेल, तर आठवड्याची एक प्रत आणखी दूर, एखाद्या नातलगाकडे असावी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा एकाच इमारतीतील मूळ वही आणि तिची प्रत या दोहोंचे भवितव्य एकच होते.

हा केवळ शहाणपणाचा भाग नाही. जीएसटी नियमांतील ५७ वा नियम सांगतो की, इलेक्ट्रॉनिक हिशेबाची अशी प्रत जपावी, जेणेकरून अपघाताने वा नैसर्गिक कारणाने मूळ नष्ट झाल्यास माहिती वाजवी काळात पुन्हा उभी करता येईल. आणि हिशेब जपण्याची मुदत वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. संगणक नवा असो वा जुना, अधिकाऱ्यापुढे ‘तो सुरूच झाला नाही’ हे उत्तर चालत नाही.

पेटी आता लाकडी चौरंगावर, गुळापासून दूर आहे. विजेच्या तंत्रज्ञाकडून अर्थिंग तपासून घेतले. ते सैल निघाले. संगणकाचे खाते सूनबाईंच्या ई-मेलवर घेतले आणि जुन्या किल्लीऐवजी नवी तयार केली. तो ४८ अंकांचा कागद अण्णा पडद्याच्याच कडेला चिकटवू लागले होते. सूनबाईंनी तो काढून घेतला, दिवाळीत पूजन केलेल्या लाल चोपडीत ठेवला आणि चोपडी तिजोरीत.