उतारवयातले गाणे: नावाची पुण्याई नव्हे

आशा भोसले यांचा ‘यू हॅव स्टोलन माय हार्ट’ हा अल्बम २००५ साली निघाला तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेटसोबत आर. डी. बर्मन यांची गाणी त्यांनी त्यात नव्याने गायली. तबल्यावर झाकिर हुसेन होते. ‘उतारवयात आवाज संपतो, उरते ती नावाची पुण्याई’ हे या सदरातील मत अशा गाण्याला लागू पडत नाही.

वयाबरोबर स्वरतंतूंची लवचीकता घटते, दमसास कमी होतो, स्त्रियांचा आवाज सहसा खाली उतरतो. हे खरेच आहे. पण गाणे केवळ पट्टीवर उभे नसते. श्वास कुठे घ्यायचा, शब्दाचे शेवटचे अक्षर किती सोडायचे, हे रियाजाने कमावलेले भान वयाने जात नाही. ‘मेरा कुछ सामान’ मुळात मुक्तछंदातले. १९८७ च्या ‘इजाजत’मधले ध्वनिमुद्रण आणि या अल्बममधले, दोन्ही लागोपाठ ऐकावीत: आवाज जाडसर झालेला जाणवतो, बोलल्यासारखी फेक मात्र तशीच आहे.

या अल्बमच्या आधी, साठी ओलांडल्यावर त्यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांचा गंडा बांधून ‘लेगसी’साठी अकरा बंदिशी गायल्या होत्या. दोन्ही अल्बमना ग्रॅमीचे नामांकन मिळाले.

– एक वाचक, उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर